आधी बिले काढा, मग छपरावर चढा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढातली रात्र होती. वारा सुटला, वाड्यावरच्या एका जुन्या आंब्याची फांदी मोडून विजेच्या तारांवर पडली आणि सगळा वाडा काळोखात बुडाला. पेडणे काय आणि डिचोली काय, आपल्या खेड्यांना हे नवीन नाही. नवीन होते ते एवढेच की, त्या वाड्यावरच्या एका घरावर तीनच महिन्यांपूर्वी सौर पॅनेल बसवले होते आणि ते घरही इतरांसारखेच काळोखात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. पण तारा जोडून होईपर्यंत दुपारचे तीन वाजले आणि तोवर भर उन्हातही त्या घरातला पंखा फिरला नाही. शेजारीपाजारी हसले. "सूर्य विकत घेतला आणि समई लावून बसला," असे कोणीतरी म्हणालेही. त्या घरातला मुलगा आमच्या शाळेत आठवीत आहे. शाळेत आल्यावर त्याने सरळ विचारले, "टीचर, छपरावर ऊन होते, पॅनेल होते, मग घरात वीज का नव्हती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. वाईट एवढेच वाटले की, तो कर्ज काढण्याआधी घरात कोणी विचारला नव्हता आणि विकणाऱ्यानेही आपणहून सांगितला नव्हता. गेल्या दोन वर्षांत आमच्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी घरावर सौर पॅनेल बसवले आहेत, बरेच जण बसवण्याच्या विचारात आहेत. पालकसभेला आलेली मंडळी मुलांच्या गुणांपेक्षा सबसिडीचीच चर्चा जास्त करतात, असे आमच्या ध्यानात आले. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. सौर वीज चांगली आहे, ज्याला शक्य आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण 'फुकट वीज' या एका शब्दाला भुलून घेऊ नये. आपल्या घराचा, आपल्या छपराचा आणि आपल्या वापराचा हिशोब कागदावर मांडून मगच घ्यावी.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. घरोघरी बसवतात ती यंत्रणा बहुतेक ठिकाणी बॅटरीशिवायची असते. पॅनेलमध्ये तयार झालेली वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, घरात लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली वीज खात्याच्या तारेत जाते. हा इन्व्हर्टर खात्याच्या तारेतल्या विजेच्या तालावर चालतो. तार मेली की तो आपणहून बंद पडतो आणि तसा तो बंद पडलाच पाहिजे, असा नियम आहे. कारण उघड आहे. वीज गेली म्हणून लायनमन खांबावर चढतो. त्याच वेळी एखाद्या छपरावरून तारेत वीज येत राहिली, तर त्या माणसाचा जीव जाईल. भर पावसात आपल्यासाठी खांबावर चढणारा तो माणूस आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा असतो. तेव्हा त्या दुपारी पंखा फिरला नाही यात यंत्राचा दोष नव्हता. यंत्राने आपले काम चोख केले होते. काळोखातही घरात दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा असतो. १५ व १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आले, तेव्हा गोव्यात किती झाडे आणि खांब आडवे झाले आणि किती गावे काळोखात राहिली, हे आपण विसरलेलो नाही. अशा प्रसंगासाठी कोणी पॅनेल घेत असेल, तर त्याने हे आधी समजून घ्यावे.

आता योजनेकडे वळू. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राची सबसिडी मिळते. पॅनेल भारतात बनलेले असावे लागते. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, नोंदणी झालेल्याच ठेकेदाराकडून काम करून घ्यायचे, काम झाल्यावर नेट मीटर बसतो, तपासणी होते आणि मग सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे सुरुवातीचे पैसे आपले किंवा बँकेचे असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन त्यापूर्वीचे असेल, तर नवीन मागून घ्यावे.

३ किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सरासरी ३०० युनिटांहून अधिक वीज देते, असे सरकार सांगते. ते खोटे नाही. १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे देते, असा साधारण आडाखा आहे. पण यावरून "प्रत्येकाने ३ किलोवॅटच घ्यावे, सबसिडी पूर्ण पदरात पाडावी" असा जो सल्ला वाड्यावाड्यांवर दिला जातो, तो मात्र आम्हांला पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आपल्या वीजबिलात घरगुती दर टप्प्याटप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते २००, २०१ ते ३००, ३०१ ते ४०० आणि ४०० च्या वर, असे पुढचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दर चढत जातो. हे दर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. सौर यंत्रणा बसवली की नेट मीटर आपण घेतलेल्या विजेतून आपण दिलेली वीज वजा करतो आणि बाकी उरलेल्या युनिटांचे बिल येते. ही वजाबाकी वरून होते. म्हणजे सर्वांत महाग युनिटे आधी वाचतात, सर्वांत स्वस्त युनिटे शेवटी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घराचा महिन्याचा वापर २६० युनिटे आहे. त्यांनी १ किलोवॅटचे पॅनेल बसवले आणि १२० युनिटे मिळाली. बाकी राहिली १४०. जी १२० वाचली त्यांतली ६० तिसऱ्या टप्प्यातली आणि ६० दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे तुलनेने महाग. आता दुसरा किलोवॅट लावला. आणखी १२० युनिटे वाचली, पण त्यांतली फक्त ४० दुसऱ्या टप्प्यातली. ८० युनिटे पहिल्या, सर्वांत स्वस्त टप्प्यातली. तिसरा किलोवॅट लावला, तर वाचवायला उरली आहेत फक्त २० युनिटे. बाकीची १०० खात्याच्या तारेत गेली. ती पुढच्या महिन्यांसाठी जमा राहतात आणि ठरलेल्या मुदतीअंती उरतील त्यांचा मोबदला आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. तीन किलोवॅट सारखेच दिसले, तरी घरासाठी पहिल्याची कमाई सर्वांत जास्त आणि तिसऱ्याची सर्वांत कमी. वर तिसऱ्या किलोवॅटची सबसिडीही कमी. शिवाय मंजूर भारावरचा स्थिर आकार काही सुटत नाही, तो भरावाच लागतो. म्हणून बिल शून्य झाले, असे फलकावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी घरी येणारा कागद अगदी कोरा नसतो.

महिन्याला ८०–९० युनिटांत भागवणारी कितीतरी कुटुंबे आपल्याकडे आहेत. म्हातारी माणसे दोघेच घरी, मुलगा पणजीला किंवा आखातात. त्यांचे बिल मुळातच सर्वांत स्वस्त टप्प्यातले. त्यांनी दीड-दोन लाखांची यंत्रणा बसवली आणि सबसिडी वजा जाता लाखभर रुपये खिशातून गेले, तर ते पैसे परत यायला किती वर्षे लागतील, याचा विचार त्यांना कोणी करून देत नाही. याउलट ज्या घरात दोन एसी, गीझर, पाण्याचा पंप आणि वर एखादी भाड्याची खोली आहे, त्यांचा वापर ४०० च्या वर जातो. त्यांनी आजवर सौर यंत्रणा घेतली नसेल, तर ते दर महिन्याला नुकसानच सोसत आहेत. एकच सल्ला दोघांना लागू पडत नाही. पॅनेलची वीजनिर्मितीची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, हेही हिशोबात धरावे.

इथे सावंतवाडी-दोडामार्गच्या पाहुण्यांचा विषय काढला पाहिजे. आपल्यापैकी अर्ध्याअधिकांचे सोयरेधायरे सीमेपलीकडे आहेत. तिकडचे मामा चवथीला येतात आणि सांगतात, "आमचे पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतात, तुम्ही अजून बसून काय राहिलात?" मामा खोटे बोलत नाहीत. पण महाराष्ट्रातले घरगुती विजेचे दर आपल्यापेक्षा बरेच जास्त आहेत. जिथे युनिट महाग, तिथे वाचलेले युनिटही महाग, म्हणून त्यांचे पैसे लवकर सुटतात. सातार्ड्याचा पूल ओलांडला की तेच ऊन, तेच पॅनेल, पण हिशोब वेगळा. मामांचे ऐकावे, पण बिल आपले बघावे.

पॅनेलच्या आधी करण्याजोगे एक काम आहे आणि ते कोणी विकायला येत नाही, म्हणून आम्ही सांगतो. घरातले जुने पंखे बघा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नवीन बीएलडीसी जातीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. असे चार पंखे दिवसाला १२ तास फिरले, तर रोज सुमारे २ युनिटे आणि महिन्याला साठ-पासष्ट युनिटे वाचतात. म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलइतके काम चार पंख्यांनी केले, तेही दहा-बारा हजार रुपयांत, छपरावर एकही भोक न पाडता, आणि जुलैतही तेवढेच. वीस वर्षांचा फ्रीज, सताड उघड्या खिडकीत चालणारा एसी, रात्रभर जळणारा अंगणातला मोठा दिवा, यांचाही असाच समाचार घ्यावा. गळक्या घागरीत पाणी भरण्याआधी भोक बुजवायचे असते, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

मग छपराकडे बघावे. सौर यंत्रणेची पुस्तके सपाट स्लॅबसाठी लिहिलेली दिसतात, आपली घरे मात्र मंगळुरी कौलांची. १ किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. हल्लीचे एक मोठे पॅनेल पंचवीस-तीस किलोचे असते. खालचे वासे आणि रिपा जुन्या असतील, वाळवी लागली असेल, तर आधी सुताराला दाखवावे, मग ठेकेदाराला. आधारांचे हूक कौलांवर नव्हे, खालच्या वाशांवर बसले पाहिजेत. काम करताना किती कौले फुटतील आणि ती कोण बदलून देईल, हे आधीच लेखी ठरवावे. नाहीतर वीज सुटते आणि छप्पर गळू लागते. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणून दक्षिणेकडचा उतार सर्वांत चांगला. पूर्व-पश्चिमेचाही चालतो, थोडी वीज कमी मिळते. उत्तरेच्या उतारावर कोणी पॅनेल लावत असेल, तर त्याला कारण विचारावे.

झाडांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपली घरे माडांच्या, फणसांच्या, आंब्यांच्या सावलीत वाढलेली आहेत. एका पॅनेलवर जरी झावळीची सावली पडली, तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या सगळ्या रांगेची वीज घटू शकते. म्हणून काही ठेकेदार सरळ सांगतात, "तो फणस तेवढा काढा." आमची पालकांना हात जोडून विनंती आहे की, पॅनेलसाठी फणस तोडू नका. त्या फणसाने घर थंड ठेवले म्हणून तर इतकी वर्षे एसी लागला नाही. तो तोडला की छप्पर तापणार, एसी येणार आणि पॅनेलची वीज त्यातच जाणार. शिवाय पॅनेलला ऊन हवे असते, पण उष्णता मानवत नाही. ते जितके तापते, तितकी त्याची वीज थोडी थोडी कमी होते. सावली फार असेल, तर गोठ्याचे छप्पर, विहिरीजवळची मोकळी जागा, गॅरेजचे पत्रे यांचा विचार करावा. तेही नसेल, तर आपले घर सौर विजेसाठी नाही, असे समजून समाधान मानावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाऊस, मीठ आणि धूळ हे आपले तीन स्थानिक पाहुणे. मार्च-एप्रिलमध्ये जेवढी वीज मिळते, तिच्या निम्म्याच्या आसपास जुलैत मिळते. उन्हाळ्यात जमा झालेली युनिटे पावसाळ्यात किती उपयोगी पडतील, हे हिशोबाची मुदत कधी संपते यावर अवलंबून असते. आपल्या भागाच्या वीज कार्यालयात जाऊन ती तारीख विचारून घ्यावी. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा लोखंड खातो. तिथे सांगाडा चांगल्या जस्तलेपाचा किंवा अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. साध्या रंगवलेल्या लोखंडावर विश्वास ठेवू नये. डिचोलीकडे धुळीची गोष्ट. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा मये, शिरगाव, मुळगावच्या बाजूची धूळ खाली बसली होती. २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. पॅनेलवर लाल धुळीचा थर बसला की वीज घटते. पाऊस ती फुकट धुऊन काढतो, पण दिवाळी ते मृग या काळात दर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ते पुसावे लागते. चढायची सोय नसलेल्या छपरावर पॅनेल बसवण्यापूर्वी म्हातारपणी ते कोण पुसणार, हे ठरवावे. आणि एक. आपली जमीन जांभ्या दगडाची. अर्थिंगसाठी ओलसर माती खोलवर मिळणे कठीण असते, म्हणून काही जण वीतभर खड्डा काढून काम उरकतात. आपल्याकडे विजा कडाडतात त्या पाहता अर्थिंग आणि विजेच्या लोटापासून रक्षण करणारे उपकरण यांवर एक रुपयाही वाचवू नये.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो तांत्रिक नाही. छप्पर कोणाचे? आमच्याकडे आलेल्या तीन पालकांचे अर्ज याच एका प्रश्नावर अडकले. वीजजोडणी आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन पंचवीस वर्षे झाली. घर चार भावांचे, त्यांतला एक मुंबईला, एक पोर्तुगालला. इन्व्हेंटरी झालेली नाही. बिल कोणीतरी एक भाऊ मुकाट्याने भरत आला आहे. सबसिडी मिळते ती वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्या ग्राहकाला आणि तो ग्राहक तर भिंतीवरच्या तसबिरीत आहे! मुंडकार कुटुंबांची अडचण आणखी निराळी. १९७५ च्या कायद्याने त्यांना घरातून काढता येत नाही, पण कागद पूर्ण झालेले नसले, तर बँक कर्जाच्या वेळी शंभर प्रश्न विचारते. आमचे म्हणणे असे की, हे काम पॅनेलसाठी म्हणून नव्हे, एरवीही करायला हवे होते. या चवथीला सगळे भाऊ माटोळीखाली एकत्र बसतील, तेव्हा जोडणी कोणाच्या नावावर करायची, छपराचा कुठला भाग कोणी वापरायचा आणि उद्या वाटणी झाली तर पॅनेल कोणाचे, एवढे तीन प्रश्न बोलून, लिहून, सह्या करून घ्यावेत. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू सामाईक छपरावर ठेवायची, तर बोलणेही पंचवीस वर्षे टिकणारे हवे.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुमचा सौर विजेला विरोधच दिसतो. तसे मुळीच नाही. उलट, जिथे जमते तिथे ती घ्यावी, असे आम्हांला मनापासून वाटते आणि त्याचे कारण बिलापेक्षा मोठे आहे. गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते. छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल, तेलंगणातले रामागुंडम, या दूरच्या औष्णिक केंद्रांतून आपल्याला वाटा मिळतो. म्हणजे आपल्या देवघरातला दिवा तिथल्या कोळशावर जळतो. त्या भागांत जमीन खणली जाते, राख उडते, माणसे खोकतात. खाणीशेजारी राहणे म्हणजे काय, हे डिचोलीकरांना वेगळे सांगायला नको. २०२० साली मोले येथील अभयारण्यातून जाणारा रेल्वेमार्ग, महामार्ग आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी यांच्या विरोधात गोव्यातली तरुण मुले रस्त्यावर उतरली. आमचे माजी विद्यार्थीही त्यांत होते. त्यांची कळकळ खरी होती. पण जंगलातून तार नको आणि घरात तीन एसी हवेत, या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करता येत नाहीत. आपल्या छपरावर तयार झालेले प्रत्येक युनिट दूरच्या तारेतून आणावे लागत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आपल्याच पेडण्यात मोपा विमानतळाच्या आवारातही सौर वीज प्रकल्प आहे. मोठ्यांनी मोठे करावे, आपण आपल्या पायरीने करावे.

'फुकट' या शब्दाशी आमचे भांडण आहे ते यासाठी. फुकट मिळालेली वस्तू माणूस जपून वापरत नाही. बिल कमी झाले म्हणून दुसरा एसी घेतल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. 'आपली' म्हटलेली वस्तू मात्र तो जपतो. परसातल्या भाजीची चव वेगळी लागते ती काही ती फुकट असते म्हणून नव्हे. पाणी आपण घातलेले असते म्हणून. छपरावरच्या विजेकडे त्या दृष्टीने पाहिले, तर घरात कोण किती वापरतो, कुठला दिवा उगाच जळतो, हे मुलांनाही कळू लागते. वीज ही भिंतीतल्या भोकातून येणारी वस्तू नसून कोणीतरी, कुठेतरी तयार करत असते, हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा नेट मीटरच्या आकड्यांवरून लवकर समजते.

म्हणून एक सूचना करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन शनिवारी नववीचे विद्यार्थी शाळेच्या सभागृहात बसतील. ज्या पालकांना सौर यंत्रणा घ्यायची आहे, त्यांनी मागच्या १२ महिन्यांची वीजबिले, मिळालेले कोटेशन आणि छपराचे चारही बाजूंनी काढलेले फोटो घेऊन यावे. मुले प्रत्येक घराची सरासरी काढतील, टप्प्यांप्रमाणे कोष्टक मांडतील आणि १, २ व ३ किलोवॅट यांत किती रुपये वाचतील आणि किती वर्षांत खर्च निघेल, हे कागदावर लिहून देतील. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तपासण्याचे कबूल केले आहे. आम्ही कोणत्याही ठेकेदाराचे नाव सुचवणार नाही आणि कोणाला शाळेत फलक लावू देणार नाही. ज्यांच्या बिलावरून पॅनेल परवडत नाही असे दिसेल, त्यांनाही ते स्पष्ट सांगितले जाईल. मुलांना शेकडेवारी आणि सरासरी कशासाठी शिकायची, हा त्यांचा नेहमीचा प्रश्नही त्यानिमित्ताने सुटेल.

आणि ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, त्याच्या वडिलांशी आम्ही बोललो. आपण पॅनेल घेतले याचा त्यांना पश्चात्ताप नाही. त्यांचा वापर मोठा आहे, पैसे सुटतील. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "काळोखात चालणार नाही, हे मला आधी सांगितले असते, तरी मी घेतलेच असते. पण मग घरात कोणाला खोटी आशा दाखवली नसती." आम्हांला वाटते, त्यांचे बरोबर आहे. त्या शनिवारी पहिले बिल घेऊन आपणच येणार, असे त्यांनी सांगितले आहे. बाकीच्यांनीही यावे. येताना बारा बिले विसरू नयेत. अकरा चालणार नाहीत, कारण पावसाळ्याचा एक महिना जरी सुटला तरी सरासरी चुकते.